एक जूनचा केक

काल्हेर,
१० एप्रिल २०२४

आदरणीय बाई,

मी मनाली. दहावी ब, मागून दुसरा बाक. तुमच्या गृहविज्ञानाच्या तासाला जिच्या नानकटाया ओव्हनमध्ये एकमेकींना चिकटून एकच भाकरी झाली होती, ती. आता तरी ओळखलंत ना?

मिहिरदादांना फोन केला होता. ते म्हणाले, आईला फोनवर काही ऐकू येत नाही आणि मेसेज ती वाचत नाही, पत्र लिही. शाळा सुटल्यापासून हे माझं पहिलंच पत्र. आमच्या गोडाऊनचा टेम्पो दर बुधवारी नाशिकला येतो. ड्रायव्हर प्रितमभाऊ पत्र आणि डबा देतील. ते गुरुवारी सकाळी दहाला परत निघतात, तेव्हा उत्तर त्यांच्याकडे द्या. फार मेहेरबानी होईल.

मी कोणाची सून ते तुम्हाला कळलं तर तुम्ही खुर्चीतून उठाल. वळ गावच्या कमळ आणि हिरामण यांची. तिथल्या शाळेत मास्तरीण होतात तेव्हा तुम्ही सहा वर्षं ज्यांच्या पडवीच्या खोलीत राहिलात, तेच. सासरे तीन वर्षांपूर्वी गेले. सासूबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. तुमची आठवण निघाली की त्या "सुमतीबाय" म्हणतात आणि विषय बदलतात.

बाई, एक जूनला आक्का पंच्याहत्तर पूर्ण करतात. आणि दोन जूनला त्या आमचं घर सोडून कायमच्या पडघ्याला, लेकीकडे जाणार आहेत. गेल्या रविवारी सकाळी, चहा पिता पिता सांगितलं. भांडण नाही, रुसवा नाही. "माजा हितं काय काम हाय," एवढंच. तासाभराचं अंतर, मला ठाऊक आहे. पण आमच्यात म्हातारी लेकीकडे राहायला गेली की गाव एकच बोलतं, सुनेनं काढलं. गावाचं सोडा. सतरा वर्षं मी त्यांना फुलासारखं जपलंय, मला स्वतःला कळायला हवं ना माझं कुठे चुकलं.

विचारलं तर सांगत नाहीत. म्हणून मी ठरवलंय, त्या दिवशी मी माझ्या हातांनी असा केक करणार की पहिल्या घासाला त्यांना वाटलं पाहिजे, या घरात मला ओळखणारं कोणीतरी आहे. विपुल, माझा नवरा, बॅनर लावायचा म्हणतोय. वर आक्कांचा फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून त्याच्या एकोणीस मित्रांचे. केक म्हणे ब्लॅक फॉरेस्ट, पाच किलो, चाळीस माणसं येणार. मी म्हटलं, आक्कांना ब्लॅक फॉरेस्ट आवडतो हे तुला कोणी सांगितलं? मग नणंदेला, करिष्माला, विचारलं. ती म्हणाली पायनापल. का, तर तिच्या मुलांना आवडतो.

आणि मग माझ्या लक्षात आलं की आक्कांना काय आवडतं ते आमच्या घरात एकालाही माहीत नाही. मला धरून.

त्यांच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, एक शिंपली सापडली. खाडीतली, तळहाताएवढी, एका कडेला झिजून पातळ झालेली. ही कशाची असेल? तुम्ही त्यांच्याबरोबर सहा वर्षं जेवलात. तुम्हीच सांगा, कुठली चव घेऊ आणि वर फ्रॉस्टिंग कशाचं?

सोबत नमुन्याला चॉकलेटचा केक पाठवतेय.

तुमची विद्यार्थिनी,
मनाली

---

नाशिक,
११ एप्रिल २०२४

चि. मनाली,

उठले खुर्चीतून. गुडघ्याने लगेच परत बसवलं.

आधी केकचं. डबा उघडला तेव्हा आत चॉकलेटची गादी होती आणि त्या गादीवर कोणीतरी झोपून उठलं होतं. कसाऱ्याच्या घाटात तुझं क्रीम वितळलं. एप्रिलमध्ये क्रीम फेटायचं तर क्रीम थंड हवं, भांडं थंड हवं आणि बीटरची पातीसुद्धा अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलेली हवीत. हे मी दहावी ब ला शिकवलं होतं. तू तेव्हा खिडकीतून बाहेर बघत असणार. चव मात्र चांगली आहे. मिहिरने तीन वेळा चमचा मारला.

तुझं पत्र लाल पेनाने तपासून परत पाठवते आहे. रागावू नकोस, हात थांबत नाही.

कमळला काय आवडतं, हा प्रश्न मला पन्नास वर्षांत कोणी विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता. मी तेवीस वर्षांची, घरापासून पहिल्यांदा लांब, ती पंचवीसची. घरात दोन म्हशी, दहा माणसं आणि ती एकटी चुलीपाशी. संध्याकाळी तासभर तिला मी अक्षरं शिकवायचे. ती माझ्याकडून बाराखडी शिकली, मी तिच्याकडून मासे साफ करायला. तिच्या हातात ती शिंपली असायची, हे पक्कं आठवतं. ती कैऱ्या सोलायची शिंपली. आपल्याकडे घरोघर असे. चैत्रात तिच्या मांडीवर कैऱ्यांचा ढीग असायचा आणि सोलता सोलता एक फोड मिठाला लावून तोंडात. तेव्हा ती डोळे मिटायची.

तेव्हा उत्तर सोपं आहे. कैरी. कैरी वाफवून तिचा गर केकच्या दोन थरांत, गूळ घालून, आणि वर वेलदोड्याचं बटरक्रीम. थोडं केशर. आंबट-गोड जमलं तर तिला वळचं अंगण आठवेल.

करून बघ आणि तिचा चेहरा काय म्हणतो ते लिही. तोंड काय म्हणतं ते नको.

आशीर्वाद,
सुमतीबाई

---

काल्हेर,
२४ एप्रिल २०२४

आदरणीय बाई,

लाल पेन पोचलं. दीर्घ वेलांट्या मोजल्या, अकरा चुकल्या होत्या. विपुलने ते पत्र फ्रिजवर चिकटवलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतोय.

कैरीचा केक रविवारी केला. बाजारातून कैऱ्या आणल्या, वाफवल्या, गूळ, वेलदोडा, सगळं तुम्ही सांगितलं तसं. पाती फ्रीझरमध्ये ठेवली. फ्रॉस्टिंग कधी नव्हे ते असं उभं राहिलं की मी स्वतःवरच खूश. वर हिरवट रंगाची पानं काढली नोझलने. आक्कांना तुकडा दिला आणि तुम्ही सांगितलं तसं चेहऱ्याकडे बघत बसले.

बाई, त्यांचा चेहरा लिहून कसा दाखवू? एक डोळा आपोआप मिटला. मग त्यांनी केककडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "याला ताप आलता का?"

उरलेला विपुलने दोन दिवस खाल्ला. त्याला काहीही चालतं.

पण ऐका, खरी गोष्ट पुढे आहे. कैऱ्या सोलायला म्हणून मी ती शिंपली ट्रंकेतून काढून ओट्यावर ठेवली होती. सोलली एकही जाईना. सोलायच्या शिंपलीला मध्ये भोक पाडलेलं असतं ना, त्याच्या धारेवर साल निघते. माझ्या आजीकडे होती तशी. आक्कांच्या शिंपलीला भोक नाही. फक्त एक कड झिजलेली आहे, गोल, गुळगुळीत. आक्का आत आल्या, शिंपली बघितली, पदराने पुसली आणि म्हणाल्या, "ही कोनी काडली?" मी म्हटलं मी. घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी पडघ्याला गेल्या. तशा त्या दर पंधरा दिवसांनी जातात, चार दिवस राहतात आणि आल्या की चेहरा टवटवीत. या वेळी शिंपलीपण बरोबर नेली, ट्रंकेत नव्हती. मी करिष्माला फोन केला. आक्का तुझ्याकडे काय खातात गं? ती म्हणाली, "काय नाय गं वहिनी, पातेल्यातला उरलासुरला खाते. मी ओरडते तिला. लोक बोलतील, लेक आईला उरलेला घालते."

मला काहीच कळेना. इथे मी त्यांना सगळ्यांच्या आधी, गरम गरम, ताट वाढून देते. बसल्या जागी. आणि टवटवी मात्र तिथे. बाई, ती शिंपली कसली हो? आठवून बघा ना.

तुमची,
मनाली

---

नाशिक,
२५ एप्रिल २०२४

चि. मनाली,

या खेपेला चुका चार. प्रगती आहे. मी स्वतःला मात्र शून्य देते. भोक नाही हे तू लिहिलंस आणि मी काल रात्रीचं जेवण तसंच ताटात ठेवून विचार करत बसले.

आठवलं. आठवलं म्हणजे विसरले नव्हतेच. बाजूला सारलं होतं.

त्या घरात दूध भरपूर होतं, पण त्याची वाटणी ठरलेली. साय सासऱ्याला, दिराला आणि मला. मी मास्तरीण, पाहुणी, शिवाय भाड्याची नड नव्हती त्यांना, मान म्हणून ठेवलेली. सणाला तांदळाची खीर व्हायची, मोठ्या टोपात, चुलीवर. माझ्या वाटीत वरची दाट खीर आणि त्यावर सायीचा जाड तुकडा. सगळ्यांची जेवणं झाली की कमळ तो रिकामा टोप दोन्ही पायांत धरून जमिनीवर बसायची आणि तळाला लागलेलं, करपलेलं, त्या शिंपलीने खरवडून खायची. तिच्या वाट्याला तेवढंच यायचं. मी ते दारातून बघितलं आहे. एकदा नाही, सहा वर्षं. एकदा मी माझी वाटी तिच्यापुढे धरली, अर्धी घे म्हणून. तिने हाताने मागे सारली आणि म्हणाली, "तू खा. मना हाच बरा हाय."

मी खाल्ली, मनाली. तेवीस वर्षांच्या मुलीला साय आवडते. पण पुढे कुठेही खीर वाढली गेली की मला ती शिंपली टोपावर घासल्याचा आवाज ऐकू यायचा. आता कानाला इतर काही ऐकू येत नाही, तो येतो.

आता दुसरी कबुली. तिची एक जून ही तारीख माझी आहे. साक्षरता वर्गाच्या वहीत जन्मतारीख हवी होती. मी विचारलं, कधी जन्मलीस? ती म्हणाली, आवणी चालू होती, म्हणजे भाताची लावणी. वहीला आवणी चालत नाही. मी सगळ्यांची लिहितात तशी एक जून लिहिली. पुढे रेशनकार्ड, आधार, सगळीकडे तीच गेली. तेव्हा तुम्ही ज्या दिवशी केक कापणार आहात तो माझ्या शाईतून जन्मलेला दिवस आहे. त्याची जबाबदारी माझ्यावर येते.

तर ऐक. तिला जे कधी मिळालं नाही ते दे. सायीचा केक कर. मैदा कमी, रवा अजिबात नको, स्पंज इतका मऊ की बोट लावलं तर खड्डा पडून परत भरून यावा. दूध आटवून त्याचं फ्रॉस्टिंग, पांढरंशुभ्र, त्यात साय फेटून. वर काहीही नको. ना पानं, ना फुलं.

तो पहिला तुकडा माझ्यातर्फे दे.

सुमतीबाई

---

काल्हेर,
८ मे २०२४

आदरणीय बाई,

तुमचं पत्र वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. कारण तुम्ही बघितलंत ते मीसुद्धा बघितलंय.

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही वळलाच होतो. पहिल्या दिवाळीला सगळे जेवून उठले आणि स्वयंपाकघरात आक्का पाठमोऱ्या, टोपाच्या बुडाचं खरवडून खात बसलेल्या, हातात काय ते दिसलं नाही. मला इतकं वाईट वाटलं. घरात चार जमिनी विकल्या गेलेल्या, गोडाऊनं उभी, दारात गाडी, आणि घरची मालकीण करपलेलं खाते? मी त्याच आठवड्यात भिवंडीला जाऊन नॉनस्टिकची भांडी आणली. पूर्ण सेट. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, जुना टोप पोत्यात घालून माळ्यावर टाकला. आणि आक्कांना सांगितलं, आजपासून तुम्ही पहिल्या जेवायचं, बसून, मी वाढणार. आजवर एक दिवस चुकले नाही. काल्हेरला या बिल्डिंगीत आलो तरी नाही. माझ्या घरात आक्कांनी परत कधी करपलेलं खाल्लं नाही, हे मी माहेरी अभिमानाने सांगते.

तुमचा सायीचा केक मी तीन वेळा केला. पहिला बसला. दुसऱ्याचं क्रीम लाइट गेल्यामुळे पातळ झालं. तिसरा मात्र, बाई, कापूस. विपुल म्हणाला हा विकायला ठेव. मी आक्कांना तुकडा दिला आणि सांगितलं, हा तुमच्या सुमतीबाईंनी पाठवलाय असं समजा.

दोन घास खाल्ले. जिभेने टाळूवर फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "लय मऊ हाय. आजाऱ्याचा जेवन वाटतंय." ताटली बाजूला सरकवली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवलेला मला जास्त लागला.

काल त्यांनी पिशव्या भरायला घेतल्या. अजून तीन आठवडे आहेत, तरी. माझी एक साडी त्यांच्याकडे होती ती घडी करून माझ्या कपाटात ठेवली. मी विचारलं, आक्का, मी काय कमी केलं हो? तर म्हणतात, "तू काय बी कमी नाय केलास, पोरी."

मग जाताय का? तर परत पिशवीकडे वळल्या.

आता केकचं मन उडालंय. विपुलला सांगितलं, आण तुझा ब्लॅक फॉरेस्ट.

मनाली

---

नाशिक,
९ मे २०२४

चि. मनाली,

ब्लॅक फॉरेस्ट आणलास तर पुढचं पत्र न तपासता परत पाठवीन.

रडून झालं असेल तर डोकं वापर. मी रात्रभर तुझ्या तीनही पत्रांतलं एकेक वाक्य आठवत बसले. आपण दोघींनी तिला काय आवडत असेल याचा विचार केला. तिला काय मिळालं नाही याचाही केला. ती करते काय, हे आपण दोघींनी पाहिलं आणि दोघींनी त्याचा अर्थ आपल्या मनाने लावला. आता मला शंका येते आहे. शंका काय ते लिहीत नाही, कारण कैरीच्या वेळी माझी खात्री होती आणि काय झालं ते आपण बघितलं.

तू एक कर. चाळीस माणसांचं फ्रॉस्टिंग नॉनस्टिकच्या पातेल्यात होणार नाही. चार लिटर दूध आटवायचं आहे. माळ्यावरचा टोप काढ, घासून घे, त्यात आटव. ढवळायला कंटाळलीस तर कंटाळ. आणि कमळला स्वयंपाकघरातून हाकलू नकोस.

बाकी काही सांगत नाही. बघ आणि लिही.

सुमतीबाई

---

काल्हेर,
२२ मे २०२४

बाई,

कुठून सुरू करू?

सोमवारी सकाळी टोप काढला. पोत्यातून निघाला तसा आक्कांनी पेपर वाचता वाचता मान वर केली. "यो टोप अजून हाय?" म्हणाल्या. मी म्हटलं हाय, केकसाठी काढलाय. त्या परत पेपरात. पण पान काही उलटलं नाही.

अकराला दूध ठेवलं. अर्ध्यावर आलं आणि खाली गॅसचा सिलेंडर आला. लिफ्ट बंद, त्या माणसाने वर आणायला नकार दिला, मी खाली जाऊन वाद घातला, वॉचमनला मध्ये घेतलं, पंधरा मिनिटं गेली. वर आले तर घरभर वास. दूध लागलेलं. मी गॅस बंद केला, वरचं चांगलं दूध दुसऱ्या पातेल्यात ओतून घेतलं आणि टोप सिंकमध्ये ठेवून पाणी सोडणार, इतक्यात फोन वाजला. मी हॉलमध्ये गेले. विपुलचा. दोन मिनिटं बोलले असेन.

परत आले तर सिंकमध्ये टोप नाही.

आक्का खाली फरशीवर बसल्या होत्या. सिंकच्या आणि फ्रिजच्या मधल्या जागेत. त्या तिथे मावतील असं मला वाटलंच नव्हतं. दोन्ही पायांत टोप, हातात शिंपली. खर्र, खर्र. डोळे मिटलेले. शिंपलीवर तपकिरी, जाड पापुद्रा आला की तो तोंडात. घाई नाही काही. मी दारात उभी राहिले आणि सवयीने तोंडातून निघालं, आक्का, ते करपलंय, नका खाऊ, आणि टोप घ्यायला वाकले.

बाई, आक्कांनी टोप मागे ओढला. दोन्ही हातांनी. "हात नको लावू," म्हणाल्या. आणि मग माझा चेहरा बघून हसायला लागल्या. पंच्याहत्तर वर्षांची बाई, ओठाला दुधाची खरवड, आणि हसू आवरेना.

"सतरा वर्सं," म्हणाल्या, "सतरा वर्सं या घरान काय लागला नाय ग बुडाला."

मी त्यांच्याशेजारी बसले. फरशीवर. म्हटलं आक्का, तुम्हाला हे आवडतं? तर माझ्याकडे अशा बघितल्या की एवढी मोठी झालीस आणि हे विचारतेस. मग शिंपलीच्या टोकावर एक पापुद्रा मला दिला. एवढासा. मी खाल्ला. मला वाटलं होतं करपट लागेल. नाही हो. भाजलेल्या खव्यासारखं, किंचित कडू, किंचित खारट, दाताखाली चिवट आणि मग एकदम गोड. मी दुसरा मागितला. दिला नाही.

करिष्माला फोन केला. तिच्याकडे म्हशीचं दूध रोज मोठ्या पातेल्यात तापतं, रोज बुडाला लागतं. आता कळलं तो टवटवीतपणा कुठला.

मी सतरा वर्षं काय केलं, बाई? त्यांना आवडणारी एकुलती एक गोष्ट मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. आणि वर माहेरी सांगत फिरले.

तर आता केक खरवडीचा. पण फ्रॉस्टिंगमध्ये ती कशी घालू? कडू होईल का? क्रीम फाटेल का? आणि त्या राहतील का, याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणून तुम्हाला विचारत नाही. आक्कांच्या भरलेल्या पिशव्या अजून दाराजवळच आहेत.

मनाली

---

नाशिक,
२३ मे २०२४

चि. मनाली,

आधी कृती, मग मला जे बोलायचं आहे ते.

टोपात दूध मुद्दाम लागू दे. मंद आचेवर, अजिबात न ढवळता. बदामी आणि तपकिरी खरवड तेवढी घे, काळी टाकून दे, काळी कडू. दोन चमचे कोमट दुधात भिजवून मिक्सरमधून वाट, पण अर्धीच. उरलेली अर्धी चुरून तशीच ठेव, दाताखाली आली पाहिजे. वाटलेली पूर्ण थंड झाल्याशिवाय क्रीमच्या जवळ नेऊ नकोस, गरम घातलीस तर फाटेल. चिमूटभर मीठ. स्पंज मऊ नको. तांदळाचं पीठ अर्धं, मैदा अर्धा, गूळ आणि जायफळ. रंग पांढरा येणार नाही, मातकट येईल. येऊ दे.

आता मी. तुझं पत्र मिहिरला मोठ्याने वाचून दाखवलं. तो इतका हसला की त्याची बायको आतून बघायला आली. मी हसले नाही. मी पन्नास वर्षं त्या बाईची कीव केली, मनाली. तिच्या नावाने दर चैत्रात सायीची एक वाटी मी न खाता सोडत आले. व्रत नव्हतं, पण तसंच. आणि ती बया तिथे दारामागे बसून माझ्यापेक्षा चांगलं खात होती.

मला राग आला की आनंद झाला, हे अजून ठरवता येत नाही. ठरलं की कळवते.

मला यायचं होतं. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी प्रवास बंद केला आहे. केकचा तुकडा पाठव आणि तिला सांग, बाराखडी शिकवली होती ती वाया गेली नसेल तर चार ओळी लिही.

सुमतीबाई

---

काल्हेर
२ जून

सुमतीबाय,

मी कमल लिवतंय. मनाली बोल्ली मी लिवते तुमी सांगा, मी बोल्ली नाय, मनाच लिवायचा हाय. सकाली आठला बसलेली, आता आकरा वाजलं. ळ आनी ण तू लय शिकवलास, पन माज्या तोंडान बसला नाय तो हातान कवा बसंल. लाल पेन काडू नको.

काल केक कापला. चालीस मानसा. विपुलनी बॅनर लावलाच. माजा फोटो एवडा मोटा की मीच घाबरली. केक मातीच्या रंगाचा. लोकांना वाटला बिगडला. मी खाल्ला आनी मना माजा वलचा घर आटावला. मनाली समोर उबी, तिचा तोंड बगून मना रडू आला. मी बोल्ली, पोरी, यो माजा केक हाय. तीबी रडली. मग सगली रडली, विपुलचे दोस्त सोडून. ते जेवत व्हते.

आता तुला सांगते. तू लिवलास का तू माजी कीव केलीस. मना मनालीनी वाचून दावला. सासरा बी बोलाचा, बिचारी सून करपलेला खाते. नवरा बी बोलाचा. मी गप. का गप सांगू. खरा सांगितला असता तर सगली टोपापाशी आली असती. धा मानसांन मना काय उरला असता. म्हनून तुना साय दिली. तू वाटी पुढं केलीस तवा मी घाबरली, का आता ही अर्धी साय देल आनी अर्धी खरवड मागल.

आनी एक. ती खरवड खाताना मना कोन हाक मारत नवता. सगली जेवलेली, निजलेली. टोप माजा, शिंपली माजी. दिसभरान तेवडाच टाईम माजा. हितं मनालीनी मना पयली जेवाला बसवली, हातातला काम घेतला. मायेनी केला, मना कलतंय. पन मी पावनी झाली ग. पावनी कदी तरी जातेच.

आज सकाली उटली तर दाराजवल पिशव्या नाय. मनालीनी सोडल्या, लुगडी परत ट्रंकेन. सिंकच्या नी फ्रिजच्या मदी तिनी पाट टाकलाय. दूध रोज त्या टोपान तापनार. मी बोल्ली, पयली मी जेवनार नाय, शेवट जेवनार. ती बोल्ली बरा. पडग्याला जाईन चार दिस, करिष्मा वाट बगते. चार दिसांनी येईन.

तू मना जनम दिलास ती तारीक चांगली हाय. आवनीन जनमली असती तर कोन केक करनार, सगली चिखलान.

विपुल आज नाशकाला येतंय. त्याच्या हाती तुना केक धाडलाय, मोटा तुकडा, वर साय घालून. तुना साय आवडते.

खरवड धाडली नाय.

कमल